चुली किती?

अन्याय माझ्या धाकट्या काकीवर झाला. दरड आली त्या पावसाळ्यातल्या नागपंचमीला, सकाळी, शाळेच्या व्हरांड्यात, खिचडीचं पातेलं उतरायच्या आधी. एका वाक्यात झाला. ते वाक्य साहेबाचं नव्हतं, माझ्या बापाचं होतं.

हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडं असलं काही लिहायला घेतलं की पहिलं पान सरकारला शिव्या देण्यात जातं. मीही घालवलंय. मिरजेला शिकत असताना आमच्या वाडीच्या पुनर्वसन समितीची पत्रकं मीच लिहायचे, तिथंच छापून आणायचे आणि एसटीच्या सीटखाली गठ्ठा ठेवून घरी न्यायचे. प्रत्येक पत्रकात 'जाहीर निषेध' दोनदा यायचा. पण ह्या गोष्टीत कुणाचा निषेध करायचा हे ठरवता ठरवता माझं डोकं दुखायला लागलं, म्हणून हे पत्रकात न लिहिता इथं लिहिते आहे.

आमची वाडी सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या उतारावर. होती. घर एक, छप्पर एक, आणि मधे एक मातीची भिंत. भिंतीच्या अलीकडं आम्ही: आबा म्हणजे माझे वडील, आई आणि मी. पलीकडं काकी, आबांच्या धाकट्या भावाची बायको. काका मुंबईला हमाली करायचे, तिकडंच आजारानं गेले. मूलबाळ नाही. काकी परत आली आणि काही वर्षं आमच्यातच जेवली.

आबा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. आमच्याकडं फौजेतनं आलेल्या प्रत्येकाला 'मेजर'च म्हणतात, मग तो कुक असो की क्लार्क. तर आमच्या मेजरांच्या घरात जेवण ठरलेल्या वेळेला. बाईमाणसाला भूक आधी लागली तरी थांबायचं, नंतर लागली तरी तेव्हाच जेवायचं. काकीनं भांडण केलं नाही. एके दिवशी तिनं भिंतीपलीकडं तीन दगड मांडले, त्यावर तवा ठेवला आणि भाकरी केली. तिला भूक लागली होती तेव्हा केली, एवढंच.

तेव्हापासून घरात दोन चुली. भिंतीत एक आरपार भोक होतं, पूर्वी दिवा ठेवायचं. त्यातनं कालवणाच्या वाट्या इकडून तिकडं जायच्या. आईची आमटी तिकडं, काकीची सुकट इकडं. आबा काकीच्या चुलीला कधी 'वेगळी' म्हणाले नाहीत. 'तिकडची' म्हणायचे. रेशनकार्ड फोडलं नाही, गॅस आला तोही आबांच्या नावावर. भावजयीचं कार्ड वेगळं काढायला तलाठ्याकडं जायचं म्हणजे चार लोकांत सांगायचं, की मयत भावाच्या बायकोला आम्ही वेगळं टाकलंय. आबा ते करणार नव्हते.

आणखी एक. आमच्यात धाकटी भावजय थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही, आणि चारचौघांत त्याचा शब्द खोडत नाही. मधे कुणीतरी लागतं. मी लहानपणापासून ते 'कुणीतरी' आहे. एकाच खोलीत दोघं असायची.

"आबांस्नी सांग, म्हस सुटलीय."

"तिला सांग, मला दिसतंय."

मी दोघांच्या मधे उभी. सांगायचं काय, दोघांनी ऐकलेलंच असायचं. तरी सांगावं लागायचं.

दरडीच्या आधी डोंगर भेगाळला म्हणून आम्हाला खालच्या गावच्या शाळेत आणलं. म्हणून माणसं वाचली. घरं गेली. भिंत गेली, भोक गेलं, दोन्ही चुली गेल्या. वर जाऊन बघितलं तर नुसती तांबडी माती आणि त्यात एक फणसाचं झाड उभंच्या उभं खाली सरकून आलेलं. आपलं घर कुठं होतं ते त्या झाडावरून ओळखायला गेलो आणि चुकलो, कारण झाडानंच जागा बदलली होती.

नागपंचमीला पुनर्वसनाच्या कचेरीतले साहेब आले. मला तेव्हाच संशय आला. सणादिवशी कोण सरकारी माणूस येतो? सोबत दोघं, गळ्यात ओळखपत्रं. व्हरांड्यात टेबल मांडलं आणि एकेका घरच्या पुरुषाला बोलवायला सुरुवात केली. प्रश्न साधे होते. माणसं किती? आणि मग, चुली किती?

बघा हं. सगळी वाडी एका पातेल्यातली खिचडी खात होती. शाळेत कुणाचीच चूल नव्हती. वर होत्या त्या डोंगरानं गिळल्या होत्या. आणि साहेब विचारत होते, चुली किती. कारण नियम असा, की नव्या जागेत एका चुलीला एक प्लॉट आणि एक घर. चूल दरडीच्या आधीची पाहिजे. हे नियम साहेबांनी कुणाला सांगितले? कुणालाच नाही. प्रश्न विचारायचा आणि नियम मागून सांगायचा, ही त्यांची पद्धत.

आबांचा नंबर आला. आबा इस्त्रीच्या शर्टात. सगळं गाडलं गेलं होतं, हा शर्ट कुठनं आणला देव जाणे. खुर्चीवर बसले नाहीत, सावधान उभे राहिले.

"चुली किती, मेजरसाहेब?"

आबांनी एकदा मागं बघितलं. सगळी वाडी ऐकत होती, खालच्या गावचे लोकही पुरणाचे दिंड घेऊन आलेले होते. मग आबा बोलले ते वाक्य हे:

"एकच हाय साहेब. भावाची बायकू हाय ती, तिला काय येगळी टाकीन व्हय?"

लोकांनी माना डोलवल्या. 'ह्याला म्हणतात घर,' असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. काकी खांबाजवळ बसली होती. तिनं पदर पुढं ओढला. बोलणार कशी? समोर दीर.

मी बोलले. "दोन. साहेब, दोन चुली आहेत."

साहेब हसले. "मेजरसाहेब, मुलगी काही वेगळंच सांगतीय."

"पोरगी मिरजेला असती. तिला घरातलं काय ठावं."

सही झाली. पुढचा नंबर.

नियम कळला तो नंतर, यादी लागली तेव्हा. काकीचं नाव होतं, पण आबांच्या खाली, 'कुटुंबातील सदस्य' म्हणून. प्लॉट एक. त्या दिवशी मी आबांवर इतकी ओरडले की आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"आबा, तुम्ही जाऊन सांगा, दोन होत्या म्हणून!"

"सही केलीया मी."

"मग काय झालं?"

"फौजी माणूस सही फिरवत न्हाई."

मला वाटलं, ह्यात काहीतरी फायदा असणार. मी शोधला. काकीची चूल वेगळी धरली असती तर आमचा प्लॉट लहान झाला असता का? नाही. पैसे कमी मिळाले असते का? नाही. आबांना नखाएवढाही लाभ नव्हता. फायद्यासाठी खोटं बोलणारा माणूस मला कळतो, त्याच्यावर पत्रक लिहिता येतं. फायदा नसताना खोटं बोलणाऱ्या माणसाची मला भीती वाटायला लागली. तो माझ्याच घरात होता, आणि सगळी वाडी त्याचं कौतुक करत होती.

फायदा दुसऱ्यांना होता. हे समितीच्या अण्णांनी नकळत सांगितलं. अण्णा आमचे शेजारी, समितीचे अध्यक्ष, माझ्या पत्रकांवर सगळ्यात वर ज्यांचं पद छापायचं ते. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही साक्ष द्या. काकीची चूल तुम्ही बघितलीय, तिच्या हातची सुकट खाल्लीय.

"खाल्ली असंल गं," अण्णा म्हणाले. "पण जागा केवढी हाय बघितलीस का? एक चूल वाढली की दुसऱ्याचा नंबर मागं जातुया. एकट्या बाईला येवढं घर काय करायचंय? तुमी हायसाच की."

"अण्णा, पत्रकात आपण काय लिहिलंय? 'एकही कुटुंब वंचित राहता कामा नये.'"

"मग? ती तुमच्या कुटुंबातच हाय की."

माझंच वाक्य माझ्या तोंडावर. मी ते लिहिलं तेव्हा 'कुटुंब' म्हणजे काय हे विचारलंच नव्हतं.

शाळेतनं आम्हाला पत्र्याच्या शेडात हलवलं. थंडीत एकदा जागा बघायला नेलं, सांगली जिल्ह्यात, पलूसच्या बाजूला. दोन जीप भरून. काकी जागा मिळणाऱ्यांत नव्हती, तरी आली. अण्णा म्हणाले, "वैनी, तुमी कशाला?" काकी म्हणाली, "ऊस बघायला."

चहूकडं ऊसच होता. आमच्या लोकांनी काळी माती हातात घेऊन बघितली, चोळली, वास घेतला. तिथला एक म्हातारा शेतकरी बांधावर उभा राहून आमच्याकडं बघत होता आणि आम्ही त्याच्याकडं. दोन्हीकडं संशय.

"किती घरं येणार म्हणायची?" त्यानं विचारलं.

"का वं?" अण्णा.

"न्हाई, पाण्याची टाकी केवढी हाय आमची, म्हून इचारलं."

मग आबांनी विचारलं, नदीचा पूर कुठवर येतो. म्हाताऱ्यानं लांब हात केला. "त्या तिकडं, बाभळीपतोर. हितं न्हाई यायचा." साहेबांबरोबरचा माणूस लगेच म्हणाला, "इथं येतच नाही, उंचावर आहे." दोघांनी एकच उत्तर दिलं, म्हणून मला ते खोटं वाटलं. मी बाभळीकडं बघायला लागले. काकी माझ्या आधी बघत होती. बाभळीच्या वरच्या फांदीला, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर, पालापाचोळा अडकला होता आणि त्यात एका जुन्या लुगड्याची चिंधी लोंबत होती.

"हितल्या बायका लय उंच दिसत्यात," काकी म्हणाली. "तितं वाळत घालत्यात लुगडी."

जीपमधनं आलेले सगळे हसले. म्हातारासुद्धा हसला, आणि मग म्हणाला, "न्हाई ताई, उंच न्हाईत. पाणी उंच हाय." आणि त्यानं सांगितलं की त्याचं स्वतःचं घर नदीकाठी होतं, आता तोही माळावर राहतो, पोराच्या शेडमधे.

परत येताना मी काकीला म्हटलं, "बरं झालं तुझं नाव नाही ते. डोंगरातनं काढून पुरात घालतायत."

काकी बाहेरचा ऊस बघत होती. कऱ्हाड यायच्या सुमाराला म्हणाली, "पुरात जाईल तर जाईल. पर माजं म्हून जाऊ दे."

हे वाक्य मी पत्रकात घालायला गेले. छापखान्यातला मुलगा म्हणाला, ताई, हे घोषणेसारखं नाही वाटत. मग काढून टाकलं.

चैत्रात भैरोबाची जत्रा आली. देव दरडीत सापडला होता. आमच्या लोकांनी मातीतनं उकरून काढला, धुतला आणि शेडात एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवला. देवळाचं काम झालं नव्हतं, ते नव्या जागेत व्हायचं होतं. पण जत्रा थांबत नाही.

आमच्या जत्रेत एक रीत आहे. चुलीमागं एक नैवेद्य. घरामागं नाही, माणसामागं नाही, चुलीमागं. प्रत्येकाचं ताट पुढं आलं की गुरव विचारतो, "कुणाच्या चुलीचा?" आणि ताटवाल्या घरचा पुरुष नाव घेतो. मग गुरव ते ताट ओळीत ठेवतो. काका गेल्यानंतर, तीन दगड मांडल्यापासून, काकीचं ताट वेगळं जायचं. नाव कोण घ्यायचं? मी घ्यायचे. लहान पोरगी म्हणून चालून जायचं. ती पोळ्या लहान करते, एकट्या माणसाच्या मापाच्या. सगळी वाडी ते ताट ओळखायची.

जत्रेच्या आदल्या दुपारी अण्णा आमच्या शेडात आले. पाणी प्यायले. मग काकीला म्हणाले, "वैनी, औंदा ताट एकच करा."

"का वं भावजी?" अण्णांशी ती बोलायची, ते नात्यातले दीर नव्हते.

"उगं वाद नगं. कुणी फोटू काढतं, मोबाइलवर टाकतं. कचेरीत कळलं की हिकडं दोन-दोन ताटं चालल्यात तर सगळ्यांचीच चौकशी लागंल. देवाला काय, भाव पायजे."

आबा तिथंच खाटेवर बसले होते. काकीनं माझ्याकडं बघितलं. "आबांस्नी इचार, एकच करायचं का."

मी विचारलं. आबा उठले. बूट घातले आणि बाहेर गेले. मला वाटलं, अण्णांना त्यांनीच पाठवलंय. अजूनही मधूनच वाटतं.

दुसऱ्या दिवशी काकीनं शेडामागं तीन दगड मांडले. आईनं आमचं पुरण गॅसवर केलं, काकीनं तिचं दगडांवर. वाऱ्यानं धूर शेडभर झाला, लोक खोकत होते. मग सगळे देवापुढं. ताटं एकामागून एक. "कुणाच्या चुलीचा?" नाव. "कुणाच्या चुलीचा?" नाव. आमचं ताट आलं, आबांनी नाव घेतलं. त्याच्या मागं काकीचं ताट.

गुरवानं त्या लहान पोळ्यांकडं बघितलं. अण्णांकडं बघितलं. हात पुढं केला नाही. पण रीत मोडता येईना, म्हणून हळूच विचारलं, "कुणाच्या चुलीचा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकीनं माझा दंड धरला.

"माज्या," ती म्हणाली.

आबा हाताच्या अंतरावर उभे होते. त्यांच्यासमोर, त्यांच्या शब्दाविरुद्ध, तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, म्हणजे माझ्यातनं न गेलेला. तिनं काकांचं नाव घेतलं नाही, आबांचं नाही, स्वतःचंही नाही. नुसतं माज्या. गुरवानं आबांकडं बघितलं, ते नाही म्हणतात का म्हणून. आबा देवाकडं बघत राहिले. नाही म्हणाले नाहीत. होही म्हणाले नाहीत. गुरवानं ताट उचललं आणि ओळीत ठेवलं.

मला वाटलं, जिंकलो. सगळ्या वाडीसमोर, देवासमोर चूल मोजली गेली. दुसऱ्याच दिवशी मी अण्णांकडं गेले. "आता साक्ष द्या. काल तुम्ही तिथं होता."

"व्हतो की."

"मग?"

"देवाचं येगळं, कचेरीचं येगळं, पोरी." अण्णा खरंच समजावून सांगत होते, त्यात कपट नव्हतं, हेच वाईट. "देवाकडं जागा कमी पडत न्हाई."

बाकीच्यांकडं गेले. कुणी म्हणालं बघितलं नाही, कुणी म्हणालं डोळ्यात धूर गेला होता. गुरव म्हणाला, मी ताट बघतो, चूल बघत नाही.

मग काकीनं स्वतः अर्ज केला. अंगठा नाही, सही. काका असताना मुंबईत शिकली होती. अर्जाचं उत्तर आलं, फेरचौकशी होईल, साहेब पुन्हा येतील. आणि उत्तर आलं कुणाच्या नावानं? आबांच्या. 'कुटुंबप्रमुख यांनी उपस्थित राहावे.' अर्ज तिचा, बोलावणं त्यांना. ते पुन्हा त्यांनाच विचारणार आहेत. चुली किती, मेजरसाहेब?

परवा आबांनी मला हाक मारली. काकी भांडी घासत होती, चार पावलांवर.

"तिला सांग," आबा म्हणाले, "मी खोटं बोललो न्हाई. मला ती कवा येगळी वाटलीच न्हाई."

मी वळले. काकीनं तवा घासायचं थांबवलं नाही.

"त्यांस्नी सांग," ती म्हणाली, "मला वाटली."

आबा उठले आणि शर्टाला इस्त्री करायला घेतला. चौकशी जवळ आलीय. ते तिथं काय बोलणार आहेत हे मी त्यांना विचारलेलं नाही. विचारलं तर सांगतील, आणि सांगितलं तरी मी विश्वास ठेवणार नाही. मी त्यांच्यावर ठेवत नाही, साहेबांवर नाही, अण्णांवर नाही, बाभळीबद्दल बोलणाऱ्या कुणावरच नाही. एका माणसावर ठेवते. ती त्या चौकशीला बोलावलेली नाही.

आता तुमचं. तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमच्या घराला भिंत आहे, आणि भिंतीपलीकडं कुणाचीतरी चूल आहे. बहिणीची असेल, वहिनीची असेल, आईची असेल. कार्ड तुमच्या नावावर आहे. तुमच्याही दारात एक दिवस टेबल मांडलं जाईल. पाणी येईल, डोंगर येईल, रस्ता येईल, काहीतरी येईल, आणि कुणीतरी तुमच्याकडं बघून विचारील, चुली किती?

तोंड उघडू नका. खुर्चीवरून उठा, तिला बसवा, आणि तिचं उत्तर होईपर्यंत तिथून लांब जाऊन उभे राहा.